कल्पित वंशांचे विधिनिषेध आणि नैतिक निवाड्याचा निकष

१. प्रश्नाचे स्वरूप

हिरोडोटसच्या इतिहासग्रंथाच्या तिसऱ्या खंडात एक प्रसंग वर्णिला आहे. इराणचा सम्राट दरायस याने आपल्या दरबारातील ग्रीकांना विचारले की, किती द्रव्य दिले असता तुम्ही आपल्या मृत पित्याचे मांस खाल? कितीही द्रव्य दिले तरी ते आमच्या हातून घडणार नाही, असे ग्रीकांनी उत्तर दिले. मग त्याने कालातिआय नावाच्या, मृत आईबापांचा देह भक्षण करणाऱ्या हिंदी लोकांना बोलावले आणि त्याच ग्रीकांच्या समक्ष विचारले की, किती द्रव्य घेऊन तुम्ही आपल्या मृत पित्याला अग्नी द्याल? ते लोक मोठ्याने ओरडले आणि असले अभद्र बोलू नये, असे त्यांनी राजाला विनवले. रूढी ही सर्वांवर राज्य करते, असा निष्कर्ष हिरोडोटसने यावरून काढला.

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष या प्रसंगातील आणखी दोन तपशिलांकडे जावयास हवे. एक, ग्रीकांना हे संभाषण दुभाष्याच्या द्वारे कळले. दुसरे, कालातिआय लोकांना कृत्य तर दूरच, त्याचा नुसता उच्चारही असह्य झाला. परक्यांचा निषेध आपल्यापर्यंत भाषांतरातून पोहोचतो आणि त्याचा पुरावाही त्यांच्या बोलण्यातच सापडतो. या दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहेत.

हिरोडोटसच्या त्याच खंडात हिंदुस्थानातील सोने उकरणाऱ्या प्रचंड मुंग्यांचेही वर्णन आहे. प्रत्यक्ष लोक आणि कल्पित प्राणी यांच्यातील सीमा प्राचीन वाङ्मयात अशी पुसट होती. पुढे कल्पित लोकांचे स्वतंत्र वाङ्मयच निर्माण झाले. स्विफ्टचे बोलणारे घोडे, टोल्कीनचे ऑर्क, अर्सुला ले ग्विन यांचे गेथेनवासी, टेरी प्रॅचेटचे खुजे ही त्याची ठळक उदाहरणे होत. या लोकांना स्वतःचे आचार, वर्ज्यावर्ज्य आणि लाजलज्जा असतात. त्यांतील काही वाचकाला विचित्र वाटतात, तर काही किळसवाणे. त्यांचा निवाडा कोणत्या निकषाने करावा, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. ज्याचे आचार त्याला योग्य, बाहेरच्याने निवाडा करूच नये, हे एक. तो वंशच मुळात दुष्ट आहे, हे दुसरे. ही दोन उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी दोन्हींत एकच चूक आहे. दोन्ही उत्तरे वंशाला एक अखंड वस्तू समजतात आणि त्या वंशातील बोलणाऱ्या, तक्रार करणाऱ्या, सबबी सांगणाऱ्या व्यक्तीकडे दुर्लक्ष करतात.

येथे 'वंश' हा शब्द हेतुपूर्वक योजला आहे. 'जात' या शब्दाला मराठीत विशिष्ट सामाजिक अर्थ असल्याने तो चालत नाही. 'योनी' हा शब्द परंपरेचा आहे. अमरकोशात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत अशा दहा देवयोनी सांगितल्या आहेत. परंतु 'योनी' म्हटले की जन्मानेच स्वभाव ठरतो असे गृहीत धरले जाते, आणि वादाचा मुद्दा तर तोच आहे.

२. निषेधाचे प्रकार

इंग्रजीतील 'टॅबू' हा शब्द मूळचा पॉलिनेशियातील. कॅप्टन कुकने तो १७७७ साली टोंगा बेटांवर ऐकला आणि त्याच्या प्रवासवृत्तामुळे तो युरोपात पोहोचला. मराठीत त्याला एकच प्रतिशब्द नाही, आणि ही उणीव नसून सोय आहे. मराठी भाषक गुन्हा, पाप, विटाळ आणि असभ्यपणा यांत स्वाभाविकपणे भेद करतो. गुन्ह्याची दखल राज्यसंस्था घेते. पापात कर्त्याचा हेतू पाहिला जातो. विटाळाला हेतूची गरज नसते. नकळत स्पर्श झाला तरी तो होतोच, आणि स्नानाने जातो. असभ्यपणा हा केवळ चारचौघांतील शोभेचा प्रश्न असतो.

कल्पित वंशाचा एखादा निषेध विचारात घेताना तो या चारांपैकी कोणत्या घरात बसतो, हे आधी ठरवणे आवश्यक आहे. कालातिआय लोकांचा आक्रोश हा गुन्ह्याबद्दलचा नव्हता, विटाळाच्या जातीचा होता. मेरी डग्लस यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, अशुद्धीची कल्पना ही समाजाच्या वर्गीकरणाशी निगडित असते आणि वर्गीकरणात न बसणारी वस्तू अशुद्ध ठरते. म्हणून विटाळाचे माप पापाच्या तराजूत घालणे ही पद्धतीची चूक होय.

परंतु याचा अर्थ विटाळ हा निवाड्याच्या पलीकडे असतो, असा नव्हे. विटाळ वस्तूपुरता असेपर्यंत तो विचित्र म्हणून सोडून देता येतो. तो जिवंत माणसाला चिकटवला की प्रश्न पालटतो. अस्पृश्यता ही विटाळाच्याच कल्पनेवर उभी होती, आणि १९५० साली अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने ती नष्ट केली. कल्पित समाजाच्या बाबतीतही हाच भेद लागू पडतो. एखादा निषेध वस्तूवर आहे की व्यक्तीवर, आणि व्यक्तीवर असेल तर तिला त्याबद्दल काही बोलता येते की नाही, हे पाहिले पाहिजे.

३. भंगाची शक्यता

जोनाथन स्विफ्टच्या १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या गलिव्हरच्या प्रवासकथेत चौथा प्रवास विवेकी घोड्यांच्या देशातला आहे. या घोड्यांना ह्विनम म्हणतात, आणि मानवाकृती पण पशुवत् प्राण्यांना याहू. ह्विनमांच्या भाषेत असत्याला शब्द नाही. कोणी खोटे बोलला हे सांगावयाचे तर जी गोष्ट नाही ती त्याने सांगितली, अशी फोड करावी लागते. यावरून ह्विनम हे सत्यनिष्ठ होत, असे वाचकाला प्रथमदर्शनी वाटते.

येथे थोडे थांबावयास हवे. ज्याचा भंग संभवत नाही त्याला नियम म्हणता येत नाही. पाणी उताराकडे वाहते यात पाण्याचा सद्गुण नाही. ह्विनमांना असत्य सुचतच नसेल, तर त्यांच्या सत्यात नैतिक मोल किती, हा प्रश्न उरतो. विधी आणि निषेध हे दोन्ही शब्द, कर्त्याला दुसरे काही करता आले असते, हे गृहीत धरतात. कल्पित वंशाच्या निवाड्याचा पहिला निकष म्हणून हाच ठेवावा लागतो: त्या वंशातील व्यक्तीला हा नियम मोडता येतो काय?

ह्विनमांच्या शब्दसंग्रहातील दुसरी नोंद याहून बोलकी आहे. वाईट या अर्थाचा स्वतंत्र शब्द त्यांच्या भाषेत नाही. नोकराचा मूर्खपणा, पोराची चूक, वाईट हवा, ओबडधोबड बांधलेले घर या सर्वांना ते याहू हे विशेषण जोडतात. म्हणजे ज्यांना असत्य ठाऊक नाही असे म्हटले जाते, त्यांनी आपले सर्व दोष दुसऱ्या एका वंशाच्या नावावर जमा करून ठेवले आहेत. याहूंना पृथ्वीवरून नाहीसे करावे की काय, हा प्रश्न त्यांच्या सभेत शांतपणे चर्चिला जातो. त्यांच्यातही रंगावरून श्रेणी ठरलेल्या असून पांढरे, तांबूस आणि करडे घोडे कायम सेवकवर्गातच राहतात. ज्या समाजाच्या भाषेत दोषाचे नाव परक्याचेच असते, त्याला स्वतःच्या सभेतील ठरावात दोष दिसण्याचा मार्गच उरत नाही. स्विफ्टने हा उपरोध उघड करून सांगितलेला नाही. शब्दसंग्रहात तो पेरून ठेवला आहे.

४. शरीरधर्म आणि रूढी

ह्विनमांच्या बाबतीत नियम मोडता येतो की नाही, एवढेच पाहावयाचे होते. ज्या वंशाची शरीररचनाच निराळी कल्पिलेली असते, तेथे याआधीचा एक प्रश्न उपस्थित होतो. त्या वंशाच्या आचारातील किती भाग शरीराचा आणि किती रूढीचा, हा तो प्रश्न.

अर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ सालच्या कादंबरीतील गेथेन ग्रहावर कायमचे स्त्रीपुरुष नाहीत. तेथील माणूस २६ ते २८ दिवसांच्या चक्रात बहुतेक काळ लिंगनिरपेक्ष असतो आणि केमर नावाच्या अल्पकाळातच स्त्री किंवा पुरुष होतो. या वेळी काय व्हावे हे त्याच्या हाती नसते. हा शरीराचा भाग झाला, आणि त्याचा नैतिक निवाडा करणे निरर्थक आहे. परंतु त्या शरीरावर उभारलेली रूढी निराळी. तेथे सख्ख्या भावंडांचा संबंध निर्बंधांसह मान्य आहे. मात्र आजन्म निष्ठेची शपथ त्यांना घेता येत नाही आणि एकाला मूल झाल्यावर तो संबंध पुढे चालू ठेवता येत नाही. हा नियम शरीराने लादलेला नाही. तो मोडता येतो, आणि मोडणाऱ्यांची कथा कादंबरीत येतेही. म्हणूनच तो निवाड्याच्या कक्षेत येतो.

हा आचार वाचताना मराठी वाचकाला जो धक्का बसतो, त्याच्या शेजारी एक प्रत्यक्ष उदाहरण ठेवावयास हरकत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या ग्रंथात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील विवाहपद्धतींचा भेद मांडला. मामाच्या मुलीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक समाजांत नुसता चालतो असे नव्हे, तर पसंत केला जातो. उत्तर हिंदुस्थानातील बहुसंख्य हिंदूंना तो भावाबहिणीचा विवाह वाटतो. उलट मावसबहीण आणि चुलतबहीण महाराष्ट्रातही वर्ज्यच. मामेबहीण, आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण असे चार निराळे शब्द ज्या भाषेत आहेत, तिच्या भाषकाला यात विसंगती दिसत नाही. या चौघींना मिळून एकच शब्द असलेल्या इंग्रजीत मात्र हाच नियम समजावून देण्यास लांब वाक्य लागते. तात्पर्य, रक्ताचे अंतर तेच राहूनही निषेधाची रेषा भाषेनुसार आणि प्रदेशानुसार सरकते. गेथेनची रेषा आणखी पुढे सरकलेली आहे, एवढेच प्रथम म्हणता येते. त्या रेषेने कोणाला इजा होते काय, हा प्रश्न त्यानंतरचा.

इजेचा प्रश्न विचारला की गेथेनवासीयांचा खरा दोष दुसरीकडे सापडतो. त्यांच्यातील शेकडा तीनचार व्यक्ती कायम एकाच लिंगात राहतात. समाज त्यांना हाकलून देत नाही, पण तुच्छतेने वागवतो, आणि बोलीत त्यांना अर्धमृत अशा अर्थाचे नाव आहे. बाहेरून आलेला निवेदक, म्हणजे वाचकासारखाच कायमचा पुरुष असलेला माणूस, त्यांच्या दृष्टीने याच वर्गात मोडतो. विटाळ येथे व्यक्तीला चिकटला आहे, आणि ती व्यक्ती वाचक स्वतः आहे. भावंडांच्या संबंधाने दचकलेला वाचक या ठिकाणी सहसा दचकत नाही, पण त्याने दचकावयास हवे.

टेरी प्रॅचेटच्या खुज्यांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. त्यांच्यात स्त्रिया आहेत आणि पुरुषही, परंतु दोघांनाही दाढी असते, वेश एकच असतो, आणि स्त्रीत्व प्रकट करणे हा मोठा असभ्यपणा समजला जातो. १९९६ सालच्या एका कादंबरीत चिअरी नावाची खुजी तो मोडते. येथे शरीर भेद करते आणि रूढी तो लपवते. एका व्यक्तीने प्रश्न विचारताच तो निषेध केवळ रूढी होता, हे सर्वांना कळून येते. नियम शरीराचा की रूढीचा, याची सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे त्याच वंशातील एखाद्याचे बंड.

५. निवाडा कोणाच्या शब्दांत?

आतापर्यंतचे निकष कथेतील वंशाला उद्देशून होते. पुढचा निकष निवेदनाला उद्देशून आहे. दरायसच्या दरबारात जो दुभाषा होता, तो प्रत्येक कल्पित वंशाच्या कथेत असतो. फरक इतकाच की तेथे त्याला लेखक म्हणतात.

गेथेनवासीयांसाठी ले ग्विन यांनी इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम वापरले. त्यामुळे समोरचा माणूस पुरुष नाही याचा आपल्याला सतत विसर पडतो, अशी कबुली कादंबरीतील एका निरीक्षिकेच्या टिपणातच आहे. ले ग्विन यांनी १९७६ सालच्या लेखात या निवडीचे समर्थन केले आणि पुढे एका दशकाने त्याच लेखाला टिपा जोडून ते मागे घेतले. दरम्यान, १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या याच ग्रहावरील एका लघुकथेत त्यांनी १९७५ च्या पुनर्मुद्रणाच्या वेळी सर्वनाम स्त्रीलिंगी केले आणि राजा हे पद मात्र तसेच ठेवले. कथानक तेच राहिले, पण वाचकाच्या मनातील निवाडा पालटला.

मराठीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण येथे लिंग सर्वनामापुरते न राहता क्रियापदात आणि विशेषणातही उतरते. त्या कादंबरीत राजा गरोदर असल्याचा उल्लेख आहे. मराठी भाषांतरकाराने वर्तमानकाळ योजला तर 'आहे' या रूपाआड त्याला लपता येईल; भूतकाळात येताच होता, होती, होते यांपैकी एक निवडावेच लागते. नपुंसकलिंग उपलब्ध आहे, पण प्रौढ माणसाला ते लावले की त्यात कीव किंवा थट्टा येते. ते मूल, ते लेकरू यांना शोभते, राजाला नाही. तथापि प्रमाण लेखी मराठीत एक विलक्षण योगायोग आहे. 'ते आले' हे रूप नपुंसकलिंगी एकवचनाचे आणि आदरार्थी पुल्लिंगी अनेकवचनाचे, असे दोन्हींचे आहे. बोलताना 'आलं' आणि 'आले' असा भेद होतो आणि विभक्तिरूपांत 'त्याला', 'त्यांना' असा. पण लिहिलेल्या कर्त्याच्या वाक्यात आदर आणि लिंगनिरपेक्षता एकाच रूपात बसतात. इंग्रजीला न मिळालेली ही सोय मराठी भाषांतरकाराला मिळू शकते. त्याने कोणते रूप निवडले, यावरून गेथेनवासी मराठी वाचकाला पुरुष, विकृत की आदरणीय वाटतील, हे ठरेल.

वंशनामांचा प्रश्न सर्वनामांपेक्षाही खोल जातो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहाचे आठ प्रकार आहेत. त्यांतील चारांची नावे मानवेतर वंशांवरून आली: आसुर, गांधर्व, राक्षस आणि पैशाच. द्रव्य देऊन केलेला विवाह असुरांच्या नावावर, परस्परांच्या इच्छेने केलेला गंधर्वांच्या, नातलगांना मारून केलेले कन्याहरण राक्षसांच्या आणि निद्रित किंवा बेसावध स्त्रीशी केलेले दुष्कृत्य पिशाचांच्या नावावर. परंतु हे आचार माणसांचेच होते. राक्षसविवाह तर क्षत्रियांना विहित मानला गेला, आणि भीष्माने काशिराजाच्या कन्यांचे हरण केले ते याच रीतीने. ह्विनम आपले दोष याहूच्या नावावर मांडतात, त्याच पद्धतीने येथे स्वकीयांचा आचार परकीय वंशाच्या खाती जमा झाला आहे. आसुरी, राक्षसी, पैशाचिक ही विशेषणे आजही मराठी वृत्तपत्रांत माणसांनी केलेल्या कृत्यांनाच लावली जातात.

हे नामकरण भाषाशास्त्रालाही चुकले नाही. प्राकृत वैयाकरणांनी पैशाची नावाची एक प्राकृत भाषा सांगितली आहे. गुणाढ्याची बृहत्कथा तिच्यात होती, असे मानतात. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील आख्यायिकेप्रमाणे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथील सातवाहन राजाने ती कथा प्रथम नाकारली, आणि भाषा पैशाची असणे हे नकाराच्या कारणांपैकी एक होते. सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष अग्नीत गेल्यावर राजाला पश्चात्ताप झाला. ग्रंथ वाचण्यापूर्वी भाषेच्या नावानेच त्याचा निकाल लागला होता. पुढे १९०६ साली ग्रियर्सन यांनी वायव्य सीमेवरील काही भाषांना पिशाच भाषा असे नाव दिले. त्यामागील वर्गीकरणाचा हेतू शास्त्रीय होता. परंतु जिवंत भाषा बोलणाऱ्या माणसांना कच्चे मांस खाणाऱ्या कल्पित योनीचे नाव मिळाले. उत्तरकालीन अभ्यासकांनी ते टाकून दरद ही संज्ञा पसंत केली, हे योग्यच झाले.

६. ऑर्क आणि विभीषण

जन्मतः दुष्ट वंशाचे सर्वांत प्रसिद्ध आधुनिक उदाहरण टोल्कीनच्या १९५४ व १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक महाकथेतील ऑर्क हे होय. या लोकांत युद्ध, क्रूरता आणि नरमांसभक्षण यांची रेलचेल आहे. कथेतील वीर त्यांना मारतात आणि त्याबद्दल खंत करीत नाहीत. परंतु दुसऱ्या खंडाच्या अखेरीस शाग्राट आणि गोर्बाग या दोन ऑर्क नायकांचे संभाषण येते. शत्रूने आपला पडलेला सोबती मागे टाकून दिला, असे त्यांना वाटते, आणि या वागण्याची ते हेटाळणी करतात. थोड्याच वेळाने आपल्याच एका सोबत्याला आपण जाळ्यात लटकलेला पाहूनही सोडवले नाही, ही हकीगत ते हसत सांगतात. टॉम शिपी यांनी या संभाषणाचे मर्म दाखवून दिले आहे. ऑर्कांना नियम ठाऊक आहे. तो स्वतःला लावणे मात्र त्यांना जमत नाही. हा दोष मानवेतर नव्हे, पुरेपूर मानवी आहे.

टोल्कीन स्वतः भाषाशास्त्रज्ञ होते, आणि या वंशाने त्यांना अखेरपर्यंत स्वस्थता लाभू दिली नाही. बोलणारे प्राणी विवेकी असले पाहिजेत. विवेकी असतील तर संपूर्ण वंश उद्धारापलीकडे कसा? १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ऑर्क हे भ्रष्ट केलेले एल्फ ठरतात. १९९३ साली प्रकाशित झालेल्या उत्तरकालीन टिपणांत मात्र लेखक निरनिराळे पर्याय चाचपून पाहताना दिसतो. ऑर्क मुळात पशू असतील आणि त्यांचे बोलणे पोपटाच्या बोलण्यासारखे असेल, असाही एक पर्याय त्यात आहे. शरण येऊन दया मागणाऱ्या ऑर्काला ती दिलीच पाहिजे, असा नियमही त्याच टिपणांत नोंदलेला आहे. ऑर्कांना दोषमुक्त न करता त्यांचा संहार निर्दोष ठरवावयाचा, तर त्यांची भाषा काढून घ्यावी लागते. लेखकाने तो मार्ग पाहिला, पण ज्यांनी शाग्राट आणि गोर्बाग यांचे बोलणे वाचले आहे त्यांना तो पटणे अशक्य आहे. पोपट दुसऱ्याला नावे ठेवीत नाही.

भारतीय परंपरेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. वाल्मीकि-रामायणाच्या सुंदरकांडात हनुमंताला मृत्युदंड द्यावयाचा ठरतो, तेव्हा दूताचा वध निषिद्ध आहे, असे भर राक्षससभेत बिभीषण सांगतो, आणि रावण ते मान्य करतो. त्याऐवजी शेपटीला आग लावण्याची शिक्षा दिली जाते. येथे निषेध आहे, त्याचा उच्चार आहे, त्याला मिळालेली मान्यता आहे आणि पळवाटही आहे. राक्षसकुळात जन्मलेला एक जण नियमाच्या बाजूने बोलतो; यामुळे रावणाचे कृत्य त्याच्या जन्माकडून काढून त्याच्या निवडीकडे येते. दैत्यकुळातील प्रल्हादाची कथाही हेच सांगते. वंशावर दोष लादणारी विशेषणे ज्या परंपरेने घडवली, तिनेच त्या वंशातून अपवादही उभे केले.

यावरून मुख्य निकष मांडता येतो. जो वंश दोष देऊ शकतो, सबब सांगू शकतो, लाजू शकतो आणि विनवू शकतो, त्याला विधिनिषेध आहेत. म्हणून त्यातील व्यक्तीचा निवाडा करता येतो. आणि नेमक्या त्याच कारणाने संपूर्ण वंशाचा निवाडा करता येत नाही. भाषा ही व्यक्तीला जबाबदार करते आणि वंशाला मुक्त करते.

७. आक्षेप आणि उपसंहार

येथे एक आक्षेप संभवतो. ऑर्क अस्तित्वातच नाहीत. त्यांना न्याय मिळाला काय आणि न मिळाला काय, बिघडते कोणाचे? लेखकाने एखादा वंश जन्मतः दुष्ट कल्पिला, तर कथेच्या जगात ते सत्यच मानले पाहिजे.

या आक्षेपात तथ्य आहे. कथेतील जगात शरीर कसे असावे, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा आहे. परंतु एकदा त्या देहाच्या तोंडी त्याने तक्रार, विनोद आणि सबब घातली की दुष्टपणा जन्मजात असल्याचे त्याचे विधान त्याच्याच पुराव्याशी विसंगत होते. तेथे निवाडा वंशाचा न होता लेखकाचा होतो. खेळांच्या जगालाही हे कालांतराने मान्य करावे लागले. १९७४ साली निघालेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या १९७७ सालच्या प्राणिकोशात ऑर्कांच्या नावापुढे दुष्ट अशी नोंदच होती. २०२० साली प्रकाशकांनी ऑर्कांना इतर लोकांइतकेच नैतिक व सांस्कृतिक वैविध्य देण्याचे जाहीर केले, आणि २०२४ च्या नियमपुस्तकात वंश या अर्थाचा इंग्रजी शब्दही बदलला. शब्द बदलल्याने विचार बदलतोच असे नाही. पण बदलाची गरज भासली, ही नोंद महत्त्वाची आहे.

आक्षेपाचे खरे उत्तर मात्र ग्रंथांच्या बाहेर आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती देशभर वाढवली. त्या कायद्याने संपूर्ण जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. महाराष्ट्रात पारधी, कैकाडी इत्यादी समाजांना त्याची झळ लागली. हजेरी, पासाशिवाय प्रवासास बंदी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणातील वसाहती हे त्याचे परिणाम होत. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हटल्या जाऊ लागल्या. परंतु कागदावरून उतरलेला शिक्का बोलण्यातून तितक्या लवकर उतरला नाही. कायद्याची भाषा आणि ऑर्कांविषयीच्या कथनाची भाषा यांत व्याकरणाच्या दृष्टीने अंतर नाही. दोहोंतही कर्ता अनेकवचनी, क्रियापद नित्यवर्तमानकाळी, आणि एकाही व्यक्तीचे नाव नाही.

प्रत्यक्ष माणसांना यावर एक उपाय मिळाला, तो कल्पित वंशांना कधीच मिळत नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्याविषयी बाहेरचे लोक बोलत होते, ते स्वतः बोलू लागले; आपल्या समाजात काय वर्ज्य आहे, कशाची लाज वाटते, जातपंचायत कोणाला कसा दंड करते, हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले, आणि त्यात स्वकीयांवरील टीकाही आली. शाग्राटला आत्मचरित्र लिहिता येत नाही. त्याच्याविषयी जे कळते ते सर्व शत्रूच्या दुभाष्याकडून, आणि दुभाष्याच्या हातून निसटलेल्या चार वाक्यांतून कळते.

म्हणून कल्पित वंशाचे विधिनिषेध तपासणाऱ्या विद्यार्थ्याने हा क्रम सोडू नये. निषेध कोणत्या प्रकारचा आणि तो वस्तूवर की व्यक्तीवर, हे प्रथम पाहावे. तो मोडता येतो काय आणि त्या वंशातील कोणी तो मोडला आहे काय, हे नंतर. नियमामुळे कोणाला इजा होते, याचा शोध त्यानंतर घ्यावा, आणि हा सर्व वृत्तान्त कोणाच्या सर्वनामांत, कोणाच्या विशेषणांत आला आहे हे अखेरीस तपासावे. इतके केल्यावर निवाडा अवश्य करावा; तो टाळणे हे औदार्य नव्हे. फक्त तो एकवचनी असावा. कालातिआय लोक ओरडले, एवढेच हिरोडोटसने लिहिले. त्यांतील एखादा गप्प राहिला होता काय, हे त्याने दुभाष्याला विचारले नाही.